लाँगरायफलच्या दस्त्याचा रंग हिरवट पडलाय, सगळं खरवडून परत करू का?

कडेकपारी
नमस्कार मंडळी. गेले चौदा महिने एका ठासणीच्या रायफलवर काम चाललंय. पेनसिल्व्हेनियाची लँकेस्टर पद्धतीची लाँगरायफल, १७७० च्या दशकातल्या नमुन्यांवरून, चकमकीच्या खटक्याची. अमेरिकेत या छंदवाल्यांना जसा अर्धवट तयार संच मिळतो तसाच घेतला. नळी तयार, ब्रीच म्हणजे नळीचं मागचं बंद टोक बसवलेलं, खटका जोडून आलेला, दस्ता वाघपट्ट्यांच्या मेपलचा आणि त्यात नळीची खोबण आणि दारू-गोळी ठासायच्या गजाचं भोक पाडून दिलेलं, बाकी सगळं आपण करायचं. नळीच्या आणि खटक्याच्या आतल्या कामाला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, ते ज्याने शिकून केलंय त्याचंच काम. माझा जीव लाकडात आणि पितळात आहे.

बटप्लेट, म्हणजे बटाच्या, खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या, मागची पितळी पट्टी, बसवायलाच तीन आठवडे गेले. पितळेला मेणबत्तीची काजळी लावायची, लाकडावर दाबायची, उचलायची, जिथे काळा ठिपका उठला तिथेच पटाशीने एक पापुद्रा काढायचा, परत काजळी, परत दाबायचं. शेवटी एक दिवस फटीत नख सुद्धा जाईना तेव्हा मी ती रात्रभर नुसती बघत बसलो होतो, खरंच सांगतो. पॅचबॉक्स (बटात बसवलेली झाकणाची छोटी पेटी), ट्रिगर गार्ड, बाजूची प्लेट, सगळं बसलं. मग १८० आणि २२० च्या पॉलिश पेपरने दस्ता घासला, दोनदा पाणी मारून उभे राहिलेले तंतू काढले, आणि गेल्या रविवारी रंग दिला.

रंगासाठी फेरिक नायट्रेटचे खडे पाण्यात विरघळवून लावले, सुकू दिले, वर हीट गन फिरवली. आणि झालंय काय की अर्ध्याहून जास्त दस्ता हिरवट पिवळा पडलाय, मनगटाजवळ (खटक्यामागे हाताने धरायची बारीक जागा) बरा तपकिरी, बटाच्या टोकाला काळाकुट्ट, आणि डावीकडे गाल टेकायच्या उंचवट्याखाली आवळ्याएवढा एक डाग ज्याला रंग लागलाच नाही, पांढराच्या पांढरा. फोटो टाकलेत, चार बाजूंनी.

आता मला कळत नाहीये की हे तेल लावल्यावर सुधारतं का, की सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागेल. शिवाय नळी तपकिरी करायची आहे तेही कधी केलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, घाई नाही, पण मन अस्वस्थ झालंय.

---

पटाशीवाला
कडेकपारी भाऊ, आधी शांत व्हा, दस्ता वाया गेलेला नाही. हिरवट पिवळा रंग म्हणजे उष्णता कमी पडली, एवढंच. फेरिक नायट्रेट लावल्या लावल्या लाकूड असंच रोगट दिसतं, उष्णतेने ते रसायन फुटतं आणि लोखंडाचा गंज लाकडाच्या तंतूंमध्ये तयार होतो, खरा रंग तो. तुमच्या मनगटाजवळ गन जास्त वेळ थांबली म्हणून तिथे बरा आलाय, बाकी ठिकाणी तुम्ही घाबरून लवकर पुढे सरकलात असं फोटोवरून वाटतंय.

हीट गन परत घ्या, एका वेळी तळहाताएवढा भाग, दोन तीन इंचावरून, हात सतत हलता ठेवा आणि रंगाकडे बघत राहा. तो क्षण डोळ्यांना कळतो, हिरवट असतो असतो आणि बघता बघता लालसर तपकिरी सरकत जातो, जणू आतून कोणी दिवा लावलाय. तो सरकला की पुढे जा. धारदार कडा आणि बारीक कोपरे आधी तापतात, तिथे गन लांब धरा नाहीतर जळतील. आणि हे उघड्यावर करा, ज्या वाफा निघतात त्या नाकात घेण्यासारख्या नसतात, घरात तर अजिबात नको. द्रावण आम्लाचं आहे, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच.

बटाचं टोक काळं का झालं ते सोपं आहे, तिथे लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेत, ते स्ट्रॉसारखं द्रावण पितात. पुढच्या वेळी तिथे आधी साध्या पाण्याचा हात मारायचा, मग द्रावण पातळ करून लावायचं. आणि हेच कारण आहे की मेपलचे पट्टे गडद होतात, पट्ट्याच्या जागी तंतू लाटेसारखे वर येऊन तोंड उघडतात, तिथे रंग जास्त मुरतो आणि शेजारी कमी. म्हणून मला हा रंग इतका आवडतो, बाजारातल्या डब्यातला डाग सगळीकडे सारखा बसतो आणि पट्टे बुजवून टाकतो.

पांढऱ्या डागाचं सांगा, तिथे काही चिकटवलं होतं का? सुपरग्लू किंवा तेलाचा हात लागला असेल तर रंग जन्मात चढणार नाही, तो थर खरवडून काढावाच लागेल.

एक राहिलं. उष्णता देऊन झाल्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने पुसा, दोन दिवस सुकू द्या. काही जण म्हणतात गरज नाही, पण मी एकदा नाही केलं आणि वर्षभरात दस्ता माझ्या मनात होता त्यापेक्षा बराच काळा झाला, तेव्हापासून करतोच.

---

मेपलवेडी
पटाशीवाला दादांनी रंगाचं बरोबर सांगितलंय पण मी जरा वेगळं बोलणार आहे आणि कडेकपारी, तुम्हाला थोडं लागेल, आधीच माफी मागते. तुमचा फोटो मी मोठा करून बराच वेळ बघितला. रंग ही तुमची अडचण नाहीये. दस्ता अजून जाड आहे.

खटक्याच्या भोवती जो सपाट पट्टा सोडलाय तो तुमच्याकडे बोटाएवढा रुंद दिसतोय, जुन्या चांगल्या रायफलींवर तो खटक्याच्या कडेने बारीक किनार असावी तसा असतो. पुढच्या भागात नळीच्या दोन्ही बाजूंना लाकूड किती आहे मोजा. मला वाटतं पाच सहा मिलिमीटर तरी असेल. जुन्या कारागिरांनी तिथे लाकूड इतकं पातळ केलेलं असायचं की हातात घेताना भीती वाटावी, दोन अडीच मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून कमी. त्यामुळेच ती बेचाळीस, चव्वेचाळीस इंची नळीची एवढी लांब वस्तू डोळ्याला वेतासारखी वाटते, नाहीतर वासा वाटते.

आणि बटाची रेघ बघा. लँकेस्टरची ओळखच ही की गालाची वरची रेघ आणि खालची रेघ दोन्ही सरळ, बाजूने बघितलं तर बट म्हणजे साधा स्वच्छ त्रिकोण. पेनसिल्व्हेनियातल्याच लेहाय खोऱ्यातल्या रायफलींचा बट वरून कमानदार असतो, ते वेगळं घराणं. तुमची खालची रेघ मध्ये फुगलीये, म्हणजे ना लँकेस्टर ना लेहाय. मनगट गोल आहे ते छान जमलंय, खरंच, पण ते मनगट दोन्हीकडच्या जाडीत बुडून गेलंय.

संच घेऊन काम करणाऱ्या जवळपास सगळ्यांचं हेच होतं, माझ्या पहिल्या दोन दस्त्यांचंही झालं. लाकूड काढायची भीती वाटते कारण काढलेलं परत लावता येत नाही, आणि मग आपण जिथे थांबतो तिथून पुढे खरं काम सुरू होतं. रंग आणि तेल म्हणजे आरसा आहे, खाली जे आहे तेच दाखवणार, आणि चकाकी आली की फुगवटे जास्त दिसणार.

म्हणून माझं मत, हीट गन बाजूला ठेवा. कानस, रवाळ कानस आणि स्क्रॅपर (लाकूड खरवडायचा धारदार पोलादी पत्रा) घ्या आणि दस्ता उतरवा. रंग आपोआप निघेल, तो फार खोल गेलेला नसतो. आणि कृपा करून पॉलिश पेपर हातात नुसता धरून घासू नका. त्याने कडा गोल होतात, साबणाच्या वडीसारख्या. खटक्याच्या पट्ट्याची कड, गालाच्या उंचवट्याची कड, गजाच्या खोबणीची कड, या कडा धारदार असतील तर सगळी वस्तू जिवंत दिसते. पेपर वापरायचाच असेल तर मागे सपाट लाकडी ठोकळा हवा. जुन्यांवर तिरक्या उजेडात स्क्रॅपरच्या पुसट लाटा अजूनही दिसतात, बोटालाही कळतात.

एक उपाय देते. रात्री खोलीत अंधार करा, एकच दिवा दस्त्याच्या बाजूला, अगदी खाली ठेवा, आणि दस्ता हळूहळू फिरवा. सावली जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. दिवसाच्या उजेडात जे आठवडाभर दिसलं नव्हतं ते दहा मिनिटांत दिसतं.

---

कडेकपारी
ताई, दोन दिवस काही लिहिलं नाही कारण खरंच लागलं होतं. पण काल रात्री दिवा ठेवून बघितलं आणि पेन्सिलच्या एकोणीस खुणा झाल्या. पुढचं लाकूड मोजलं, उजवीकडे साडेपाच आणि डावीकडे सात मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुद्धा नाहीत, हे चौदा महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दादा, पांढऱ्या डागाचं तुम्ही बरोबर ओळखलंत, तिथे एक ढलपी उडाली होती ती सुपरग्लूने बसवली होती.

दोन प्रश्न. पातळ करताना गजाच्या भोकात घुसलो तर? नळीची खोबण आणि गजाचं भोक यांच्यामध्ये किती लाकूड आहे ते बाहेरून कसं कळणार? आणि वाघपट्ट्यांचं मेपल रंध्याला दाद देत नाही, दर पट्ट्याला खड्डा पडतो, स्क्रॅपरने एवढं सगळं लाकूड निघेल का, की आयुष्य जाईल?

---

मेपलवेडी
उत्तर देते. नळी बाहेर काढा, खोबणीच्या तळाशी एक बारीक भोक पाडा, जिथे पुढे नळीची खीळ किंवा स्क्रू येणार आहे त्याच जागी, म्हणजे भोक नंतर झाकलं जाईल. त्यातून तार घालून मधला पडदा मोजता येतो. चांगल्या कामात तो तीन मिलिमीटरच्या आसपास असतो, संचात कधी कधी जास्त असतो आणि मग खालची बाजू पोटासारखी लोंबते, त्याला उपाय नाही, स्वीकारायचं. बाजूंनी पातळ करायला मात्र काही धोका नाही.

लाकूड काढायला स्क्रॅपर नाही, आधी रवाळ कानस, तिरकी चालवायची, पट्ट्यांना आडवी, म्हणजे तंतू उपटत नाहीत. रेघेच्या एक मिलिमीटर आधी थांबायचं. मग बारीक कानस. मग स्क्रॅपर, आणि तो खरा धारेचा हवा, नीट धार असेल तर भुकटी नाही पडत, केसासारखी कुरळी साल निघते. भुकटी पडायला लागली की थांबा आणि धार काढा. दिवसाला तासभर केलंत तरी तीन आठवड्यांत होईल.

आणि नळीच्या खिळा काढल्याच आहेत तर नळीखालच्या कड्यांमधली भोकं लांबट करून घ्या, गोल ठेवू नका. लाकूड हवेप्रमाणे हलतं, लोखंड हलत नाही, भोक गोल असलं की ओढ लाकडावर येते आणि पुढचा पातळ भाग तडकतो. एवढा पातळ केलेला दस्ता तडकला तर रडू येतं, मी रडलेय.

---

जुनी जामगी
मंडळी, धागा वाचून फार बरं वाटलं. मेपलवेडीने जे सांगितलं त्यात मी फक्त थोडी मागची गोष्ट जोडतो, कारण आकार का तसा आहे हे कळलं की कानस आपोआप बरोबर चालते.

ही रायफल जर्मन भाषिक कारागिरांनी पेनसिल्व्हेनियात नेली. त्यांच्याकडची मूळ शिकारी रायफल म्हणजे येगर, आखूड जाड नळी, मोठ्या व्यासाची गोळी, दस्ता बहुतेक अक्रोडाचा. अठराव्या शतकात तिथल्या जंगलात दोन तीन पिढ्यांत तिची नळी लांबत गेली, गोळी लहान होत गेली कारण शिसं आणि दारू दोन्ही पाठीवर वाहून न्यायची, आणि अक्रोडाच्या जागी तिथलं मेपल आलं. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट, ज्याच्या रायफली आज संग्रहालयांत आहेत, तो जन्माने जर्मनीकडचाच, १७४० चा. म्हणजे तुम्ही जो दस्ता उतरवताय तो जाड येगरचा बारीक होत गेलेला नातू आहे. जाडी ठेवलीत तर तो मागे जातो. नळी सुद्धा बघा, चांगल्या संचात ती ब्रीचकडे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत किंचित फुललेली असते, त्या कमरेबरोबर लाकूड पण आत जायला हवं.

कडेकपारीने नळीचं विचारलं होतं. त्या काळी सगळ्याच नळ्या तपकिरी होत्या असं कोणी सांगितलं तर मानू नका, पांढऱ्या चकचकीत ठेवलेल्या होत्या, निळ्या केलेल्या होत्या, तपकिरी पण होत्या. पण तपकिरी नळी मेपलवर शोभते आणि घरी करता येते, त्यामुळे तुमची निवड चांगली आहे.

करायचं असं. नळीच्या आठही बाजू लांबीच्या दिशेने कानस ओढून सपाट करा, यंत्राचे आडवे ओरखडे एकही राहता कामा नये, गंज चढला की ते ठळक दिसतात. मग एमरी कापड, पण आरशासारखं गुळगुळीत करू नका, गंजाला धरायला जागा लागते. दोन्ही टोकांना लाकडी बुच मारा, आतून ग्रीस लावा, कानाच्या भोकाला, म्हणजे ठिणगी आत जाते त्या बारीक भोकाला, सुद्धा बारीक काडी. बुचांनाच धरायचं, नळीला बोट लागू द्यायचं नाही, बोटाचा तेलकट ठसा शेवटपर्यंत दिसतो. असिटोनने पुसा, दोनदा.

ब्राउनिंगचं, म्हणजे गंज चढवून तपकिरी करायचं, द्रावण लांब एकाच दिशेच्या हाताने लावा, पातळ, परत मागे फिरायचं नाही. मग दमट जागी टांगा. उंच पेटीत खाली ओलं फडकं ठेवलं तरी चालतं. हवेप्रमाणे काही तासांत मखमलीसारखी केशरी लव येते. ती जाड खरबरीत कापडाने किंवा बारीक स्टील वूलने झाडून काढायची, स्टील वूलला तेल असतं ते आधी धुवून टाका. खाली फिकट चहासारखा डाग दिसेल. परत द्रावण, परत टांगा. असे सहा ते दहा थर. पहिले तीन थर इतके डागाळलेले दिसतात की माणूस हात टेकतो, तेव्हा थांबायचं नाही. चौथ्या पाचव्याला रंग एक होऊ लागतो. रात्रभर विसरून टांगू नका, लव जास्त वाढली तर लोखंडाला खड्डे पडतात आणि ते कायमचे.

रंग मनासारखा झाला की गंज थांबवावा लागतो, नाहीतर तो चालूच राहतो. सोड्याचं घट्ट पाणी सगळीकडे, गरम पाण्याने धुवा, सुकवा, कोमट असतानाच तेल. आणि कुणाला काळी निळी नळी हवी असेल तर हीच कृती, फक्त प्रत्येक थरानंतर नळी उकळत्या पाण्यात बुडवायची, लाल गंजाचा काळा होतो. लोखंड तेच, गंज तोच, नुसत्या उकळण्याने रंग बदलतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या सगळ्याची कला जवळजवळ मेली होती हे तरुण मंडळींना माहीत असावं. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या जुन्या वसाहतीच्या संग्रहालयात वॉलेस गसलर यांनी लोखंडी पट्टीपासून नळी घडवून, खटका, दस्ता, कोरीव काम सगळं हाताने करून पूर्ण रायफल बनवून दाखवली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीला त्याचं चित्रण झालं, ते बघून किती जणांनी कानस हातात घेतली असेल. आज जे संच मिळतात, जे सल्ले आपण एकमेकांना देतो, ते सगळं त्यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी परत उभं केलेलं आहे.

---

तेलपाणी
तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. जवसाचं उकळलेलं तेल, पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून, लाकूड पिईल तेवढं पाजा, अर्ध्या तासाने वरचं सगळं पुसून काढा, पुसून म्हणजे कोरडं वाटेपर्यंत. मग दिवसाला एक हात, तळहाताने चोळून, इतका चोळायचा की हात गरम व्हायला पाहिजे. चिकट वाटलं तर दुसरा हात द्यायचा नाही, वाट बघायची. जाड थर देऊन लवकर उरकायला गेलात तर तो महिनाभर चिकटच राहतो आणि धूळ धरतो. आणि हो, पहिल्या तेलाला पट्टे जेव्हा उघडतात ना, दस्ता फिरवला की गडद पट्टा फिकट होतो आणि फिकट गडद, तो क्षण एकट्याने बघू नका, घरातल्या कोणाला तरी बोलवा.

पण मुख्य सांगायचं ते हे. तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका!! जवसाचं तेल हवेशी मिळून सुकतं आणि सुकताना गरम होतं, गोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता अडकते आणि आपोआप पेट घेते, काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. माझ्या कामाच्या खोलीत कचऱ्याच्या खोक्यातून धूर यायला लागला होता, नशीब मी विसरलेला चष्मा घ्यायला परत गेलो. बाहेर मोकळ्यावर एकेक चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. दर वेळी, एकाही चिंधीचा अपवाद नाही.

---

पितळी फूल
माझा एक वेगळा मुद्दा, चालेल का बघा. एवढं सगळं झाल्यावर मी तरी वस्तू जुनी करतो. पितळेला झाकणाच्या डब्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवलं की काही तासांत दोनशे वर्षांचं मळकटपण येतं, दस्त्याच्या हात लागणाऱ्या जागा जरा झिजवायच्या, नळी ब्रीचपाशी काळवंडवायची. नवी कोरी लाँगरायफल मला भिंतीवर परकी वाटते. कडेकपारी, तुमच्या पॅचबॉक्सच्या टोकाला ते डेझीचं फूल कापलंय, लँकेस्टरचं, फार सुंदर कापलंय, पण ते चकचकीत पितळ डोळ्यात खुपतंय.

---

जुनी जामगी
पितळी फूल, तुमचं काम मी पाहिलंय, हात छान आहे, पण इथे माझं मत पक्कं आहे. जेकब डिकर्टच्या दुकानातून जी रायफल गिऱ्हाइकाच्या हातात गेली ती नवीच होती ना. पितळ चकचकीत होतं, मेपल उजळ होतं, कडा तीक्ष्ण होत्या. म्हातारपण तिला वापरणाऱ्यांनी दिलं, शिकारीत, पावसात, पिढ्यानपिढ्या. ते आपण डब्यातल्या वाफेने द्यायचं हे मला पटत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं. जुनी केलेली प्रतिकृती तुम्ही आज प्रामाणिकपणे केलीत, उद्या तुम्ही नसाल, परवा ती कोणीतरी खरी जुनी म्हणून विकेल. असं झालेलं आहे, होत असतं. म्हणून तुम्ही वस्तू जुनी करा किंवा नवी ठेवा, नळीच्या वरच्या पैलूवर स्वतःचं नाव आणि साल कोराच. कोरता येत नसेल तर नळीच्या खाली, लाकडात झाकलं जाईल तिथे, पंचने ठोका, पण ठोका. जुने कारागीर सुद्धा नाव घालत होते.

---

पितळी फूल
नावाचं मान्य, शंभर टक्के, मी नळीखाली घालतो, यापुढे वर घालीन. जुनं करण्याचं मात्र मी सोडणार नाही काका, मला झिजलेल्या वस्तूत माणूस दिसतो. झिजवायचं कुठे हे शोधायला मी मूळ रायफली तासन्तास बघितल्यात, हात नेमका कुठे पडायचा, गाल कुठे टेकायचा, त्या अभ्यासाने माझे नवे दस्ते सुद्धा सुधारले.

---

पटाशीवाला
मूळ रायफली बघण्याचं निघालंच आहे तर, कडेकपारी, जमलं तर एकदा प्रत्यक्ष बघा. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान आहे, संस्था १९३३ ची, तिथल्या स्पर्धांना कारागीर आपापल्या वस्तू घेऊन येतात आणि हातात द्यायला नाही म्हणत नाहीत. फोटोवरून जाडी कळत नाही, वजन तर नाहीच. मी पहिल्यांदा एक खरी जुनी रायफल हातात घेतली तेव्हा पुढचा भाग मी चुकून तोडतोय की काय असं वाटलं होतं, इतका हलका. घरी येऊन माझ्या दस्त्याचं पाव किलोपेक्षा जास्त लाकूड काढलं.

---

कडेकपारी
सात आठवड्यांनी परत येतोय. तुम्हा सगळ्यांना आधी सांगायचं होतं पण काम पूर्ण झाल्याशिवाय फोटो टाकायचे नाहीत असं ठरवलं होतं.

दस्ता उतरवला. पुढचं लाकूड दोन्ही बाजूंनी आता अडीच मिलिमीटर आहे, तोंडाकडे दोन. खालची रेघ सरळ केली, त्यासाठी एक ताणलेला दोरा वापरला, कारण डोळा रोज वेगळं सांगत होता. खटक्याभोवतीचा पट्टा बारीक करताना सगळ्यात भीती वाटली, एक घाव जास्त गेला असता तर खोबणीची कड गेली असती, ते काम मी चार दिवस फक्त सकाळी केलं, डोळे ताजे असताना. सुपरग्लूची ढलपी काढून टाकली, आता एवढं लाकूड गेलंय की तिचा खड्डाच उरला नाही. दिव्याच्या परीक्षेत खुणा एकोणीसवरून दोन वर आल्या.

रंग या वेळी दस्त्याच्याच कापलेल्या तुकड्यावर आधी करून बघितला, मग अंगणात, हातमोजे घालून. पटाशीवाला दादा, तुम्ही लिहिलं होतं ना आतून दिवा लावल्यासारखा, अगदी तसंच झालं, मी मोठ्याने ओरडलो. बटाच्या टोकाला आधी पाणी मारलं, काळं पडलं नाही. सोड्याचं पाणी दिलं. तेलाचे नऊ हात झालेत, पहिल्या हाताला आईला बोलावलं होतं, ती म्हणाली हे लाकूड हलतंय. चिंध्या रोज कुंपणावर एकेक करून वाळत घालतो.

पितळ मी चकचकीत ठेवतोय. पितळी फूल, रागावू नका, काकांचं म्हणणं मला जास्त पटलं, ते जे काही जुनं व्हायचं ते माझ्या हातात होऊ दे.

नळीच्या वरच्या पैलूवर नाव कोरायला मला दहा दिवस लागले, त्यातले आठ पितळेच्या आणि लोखंडाच्या फालतू तुकड्यांवर. अक्षरं देवनागरीत कोरलीत, खाली साल. शिरोरेघ लांबीच्या दिशेने नळीच्या कडेला समांतर ठेवायची होती, ती एका ठिकाणी केसभर सरकली आहे, काढता येणार नाही, राहू दे.

नळी आता टांगलेली आहे, आज पाचवा थर. पहिल्या तीन थरांना जामगी काकांचं वाक्य रोज वाचत होतो. काल रात्री पहिल्यांदा सगळीकडे एकच रंग दिसला, ओल्या मातीसारखा. एक शंका आहे, नावाच्या अक्षरांत केशरी लव अडकून बसते, कापडाने निघत नाही, दात घासायच्या मऊ ब्रशने काढली तर आतला रंग जाईल का?

---

जुनी जामगी
नाही जाणार. ब्रश नवा घ्या, पाण्यात उकळून त्याचं तेलकटपण काढून टाका, आणि अक्षराच्या दिशेने हलकेच मारा, आडवा नको. अक्षरांच्या तळाशी गंज थोडा गडद राहतो, तो राहू द्या, त्यानेच नाव वाचता येतं. दोन थर अजून द्या, मग सोड्याचं पाणी. आणि शिरोरेघेचा फोटो टाका, ती केसभर सरकलेली जागा मला बघायची आहे.